तांब्याला रेषा असते कुठे?

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्या मुलांना स्थिरचित्राच्या पेपरात समोर काय मांडलं जाणार याचा अंदाज असतोच. एखादा तांब्या, शेजारी वांगं किंवा कांदा, मागे चुण्या पडलेलं कापड. सरांची सूचनाही ठरलेली: आधी आउटलाइन, मग शेडिंग. मुलं मान खाली घालून तांब्याच्या कडेने रेषा ओढू लागतात. हात वर करून ‘सर, पण तांब्याला रेषा आहे कुठे?’ असं एखाद्या कार्ट्याने विचारल्याचं अजून ऐकिवात नाही. विचारायला हवं होतं. गेली साठ-सत्तर वर्षं मानसशास्त्रज्ञ, मेंदूतज्ज्ञ, गणिती आणि संगणकवाले मिळून जवळपास हाच प्रश्न विचारत आहेत.

कारण रेषा तिथे नसतेच. तांब्या हातात घेऊन निरखा. पितळ आहे, पितळेवर पडलेला उजेड आहे, आणि पितळ दिसायचं थांबतं तिथून मागची भिंत सुरू होते. दोघांच्या मधे काळा दोरा कोणी गुंडाळलेला नाही. शिवाय ज्या जागी आपल्याला कड दिसते ती तांब्याच्या अंगावरची ठरलेली जागाही नाही. डोकं हातभर सरकवा, कडही सरकते. शेजारच्या बाकावरच्या मुलीला दिसणारी कड आणखी तिसरीकडे. वर्गातल्या प्रत्येकाने त्या एका तांब्याच्या वेगळ्याच जागेवरून रेषा ओढलेली असते, आणि तरीही प्रत्येक कागदावर उमटतो तो तांब्याच.

लिओनार्दो द विंचीला हे खटकत असे. वस्तूची सीमा ही वस्तूचाही भाग नव्हे आणि भोवतालच्या हवेचाही नव्हे, तिला जाडी नाही, मग तिच्यावर रंगाची जाड रेघ कशी ओढायची, असा युक्तिवाद त्याने आपल्या टिपणांत केला आहे. म्हणून त्याने रंगचित्रांतल्या कडा धुरासारख्या विरघळवून टाकल्या. मोनालिसाच्या ओठांचा कोपरा नेमका कुठे संपतो ते सांगता येत नाही. आपल्याकडचा कल उलटा होता. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात प्रेक्षकांच्या आवडीनिवडीची एक उतरंड आहे. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायांकनाची, स्त्रियांना दागिने आवडतात आणि बाकीच्यांना भडक रंग. (स्त्रियांबद्दलचं मत ज्याने लिहिलं त्याच्यापाशीच राहू द्या.) अजिंठ्याच्या चित्रकारांनीही आकृतीची सुरुवात गेरूच्या रेषेने केली, आणि रंग भरून झाल्यावर पुन्हा रेषेनेच तिला पक्कं केलं. लिओनार्दोचा तर्क चोख आहे. पण अजिंठ्याचा पद्मपाणी बघताना तो तर्क कोणाच्याही डोक्यात येत नाही, खरी गंमत इथेच आहे. नसलेली गोष्ट काढली तरी आपल्याला ती खोटी का वाटत नाही?

पहिलं उत्तर सहज सुचतं: सवय. ‘क’ या अक्षराचं त्या ध्वनीशी काही नातं नसतं, तरी शिकल्यावर आपण ते वाचतो. रेषाचित्रही तसंच असेल. लहानपणी मांडीवर घेऊन पुस्तकातलं चित्र दाखवत कोणीतरी ‘हा बघ हत्ती’ म्हणतं आणि आपण ती लिपी शिकतो. विसाव्या शतकात हे मत मांडणारे थोर विद्वान होऊन गेले. पण ते तपासायचं कसं? त्यासाठी चित्र म्हणजे काय हे ठाऊकच नसलेलं मूल हवं.

ज्युलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रुक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोडप्याने ते आपल्या घरातच वाढवलं. त्यांच्या मुलाला वयाच्या सुमारे १९ महिन्यांपर्यंत चित्रांपासून शक्य तितकं दूर ठेवलं गेलं. चित्रांची पुस्तकं नाहीत, खेळण्यांवर चित्रं नाहीत. चुकून कुठे चित्र नजरेस पडलंच, तर ‘हे अमुक’ असं कोणी म्हणायचं नाही. शब्द तो शिकला ते खऱ्या वस्तूंवरून आणि खेळण्यांवरून. बूट म्हणजे पायातला बूट, गाडी म्हणजे ढकलायची गाडी. (घरातल्या आजी-आजोबांना हे किती जमलं असतं याची मला शंका आहे. आपल्याकडे तर बिस्किटाच्या पुड्यावरच प्रयोग संपला असता.) मग एके दिवशी त्याच्यासमोर एकेक करून २१ चित्रं ठेवली. आधी नुसती रेषाचित्रं आणि फोटो नंतर, म्हणजे फोटोवरून रेषेचा अर्थ लावल्याची शंका नको. त्याची उत्तरं ध्वनिमुद्रित केली आणि ती योग्य आहेत की नाहीत हे ठरवायला वेगळी माणसं बसवली. मुलाने बहुतेक वस्तू ओळखल्या. १९६२ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. एकाच मुलावरचा प्रयोग, म्हणून आजच्या पद्धतीने त्याच्यावर शंभर हरकती घेता येतील. पण तो पुन्हा करायचं धाडस कोण करणार? पुढे १९७५ मध्ये जॉन केनेडी आणि अब्राहम रॉस यांनी पापुआ न्यू गिनीतल्या साँगे लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रं काढण्याची परंपरा नसलेल्या या लोकांनीही ओळखीच्या वस्तूंची रेषाचित्रं चांगलीच ओळखली. लिपीशी रेषाचित्राची तुलना इथे तुटते. अक्षरं कोणी शिकवल्याशिवाय वाचता येत नाहीत.

मग हे येतं कुठून? याचा एक धागा १९५८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, अगदी अपघाताने हाती लागला. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे तरुण संशोधक मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्रात बारीक विद्युतकांडी घालून एकेका पेशीची टिकटिक ऐकत होते. मांजरासमोर पडदा, त्यावर काचेच्या पट्टीतून पाडलेले ठिपके, कधी काळे तर कधी पांढरे. पेशी ढिम्म. तासन्‌तास ठिपके दाखवले तरी तिला त्यात काडीचा रस नव्हता. मग काचेची एक पट्टी काढून दुसरी सरकवताना अचानक पेशी मशीनगनसारखी तडतडू लागली. ठिपक्याशी तिचा काही संबंध नव्हता. काचेच्या पट्टीच्या कडेची अगदी पुसट, सरळ सावली पडद्यावरून सरकत गेली होती, आणि ती एका विशिष्ट कोनात असतानाच पेशी बोलत होती. कोन बदलला की गप्प. शेजारची पेशी दुसऱ्या कोनाला बोलायची, तिच्या पलीकडची तिसऱ्या. मेंदूच्या पहिल्याच दृष्टिकेंद्रात अशा कडा टिपणाऱ्या पेशींची रांगच्या रांग निघाली. या कामासाठी दोघांना १९८१ सालचं नोबेल मिळालं.

या शोधातून एक सुटसुटीत स्पष्टीकरण तयार झालं. उजेड किती, यापेक्षा उजेड कुठे बदलतो याची मेंदूला जास्त फिकीर असते. पितळ संपून भिंत सुरू होते तिथे कड टिपणारी पेशी पेटते. कागदावरच्या पेन्सिलीच्या रेघेनेही तीच पेटते. चित्रकार आपल्या मेंदूला त्याने स्वतःच केलेला अर्धा हिशेब तयार करून देतो, इतकंच.

मला हे स्पष्टीकरण बरीच वर्षं पुरेसं वाटत असे. त्याला तडा जातो तो सावलीपाशी, आणि ते घरबसल्या करून बघता येतं. एका बाजूने कडक ऊन पडलेल्या चेहऱ्याचा फोटो घ्या. सावलीचे भाग पूर्ण काळे आणि उजेडाचे पूर्ण पांढरे करा. राखाडी काही नाही, नुसते डाग. तरी चेहरा चटकन दिसतो. क्रेग मूनी या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात असे चेहरे वापरून प्रयोग केले आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. आता त्याच काळ्या डागांवर पातळ कागद ठेवून फक्त त्यांच्या कडा गिरवा, आत काळं भरू नका. चेहरा गायब! कागदावर उरतो तो वेड्यावाकड्या बेटांचा नकाशा. कडा त्याच आहेत, मेंदूतल्या पेशींनी पेटायला हवं ते पेटतंच आहे, तरी कळत काही नाही. कारण त्या कडा वस्तूच्या नव्हत्या, सावलीच्या होत्या, आणि रेघ दिसली की मेंदू तिला वस्तूची कड समजून बसतो.

म्हणजे कुठलीही कड चालत नाही. जगात उजेड बदलण्याच्या जागा शेकड्यांनी असतात: सावली, चकाकी, डाग, रंगाचे पट्टे. त्यातून वस्तू जिथे संपते वा वळते तेवढ्याच जागा निवडून चित्रकार रेषा ओढतो. पॅट्रिक कॅव्हना नावाचे दृष्टिवैज्ञानिक म्हणतात की चित्रकार हे नकळत मेंदूशास्त्रज्ञच असतात. हजारो वर्षं त्यांनी भिंतीवर प्रयोग केले, जे डोळ्याला पटलं ते ठेवलं आणि जे पटलं नाही ते सोडलं. जमिनीवर पडलेली सावली अजिंठ्यात कोणी रेषेने काढायला गेलं नाही.

ही निवड किती एकसारखी असते हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांनी २००८ मध्ये मोजून पाहिलं. २९ चित्रकारांना १२ वस्तूंच्या संगणकावर तयार केलेल्या प्रतिमा दिल्या आणि त्यांच्या रेषा कुठे पडतात ते एकमेकांवर ठेवून तपासलं. चित्रकार मंडळी, प्रत्येकाची शैली वेगळी, तेव्हा खिचडी होईल असं वाटावं. प्रत्यक्षात बहुतेक रेषा एकमेकींना अगदी खेटून होत्या. जिथे पृष्ठभाग नजरेआड वळतो तिथे सगळ्यांचीच रेषा पडली होती. मतभेद होते ते आतल्या हलक्या उंचवट्यांवर.

पृष्ठभाग नजरेआड वळतो त्या जागेची आणखी एक किमया आहे, आणि या सगळ्या विषयातली माझी सर्वांत आवडती गोष्ट तीच. यान कोंडेरिंक या डच शास्त्रज्ञाने ती १९८४ साली गणिताने सिद्ध केली. पुन्हा तांब्याकडे या. त्याच्या पोटापाशी बाह्यरेषा बाहेरच्या बाजूला फुगते, गळ्यापाशी आत वळते. पोटाचा पृष्ठभाग चेंडूसारखा आहे, कुठूनही बघा फुगीरच. गळ्याचा पृष्ठभाग मात्र दोन मनांचा: आडव्या दिशेने गोल फिरतो, उभ्या दिशेने आत झुकतो. घोड्याच्या खोगिराचा आकार असाच असतो. कोंडेरिंकने दाखवलं की गुळगुळीत वस्तूची बाह्यरेषा जिथे बाहेर फुगते तिथे पृष्ठभाग चेंडूसारखाच असणार, जिथे ती आत वळते तिथे खोगिरासारखाच असणार. अपवाद नाही. वाटीसारखा खड्डा बाह्यरेषेवर कधी येऊच शकत नाही, त्याचा काठ त्याला झाकून टाकतो. म्हणजे एलिमेंटरीतल्या पोराने ओढलेली ती एक वळणदार रेघ बिनरंगाची, बिनछायेची असूनही तांब्याच्या तिन्ही मितींतल्या आकाराची पक्की साक्ष देत असते. त्या पोराला गणित येत नसतं, बघणाऱ्यालाही येत नसतं. तरी शेडिंग व्हायच्या आधीच तांब्या गोल दिसू लागतो.

अलीकडे, २०२० मध्ये, ॲरन हर्ट्झमन या संगणकतज्ज्ञाने सगळ्या वादाला वेगळंच वळण दिलं. तो म्हणतो, रेषाचित्र ही काही विशेष भाषा नाही, तो एका प्रकारच्या उजेडातला जवळजवळ खरा देखावा आहे. लोडशेडिंगच्या रात्री हा उजेड आपण सगळ्यांनी पाहिला आहे. टॉर्च कपाळाला लावून धरा आणि अंधारात एखादं अंडं किंवा न चकाकणारा पांढरा वाडगा बघा. जो भाग तुमच्याकडे तोंड करून आहे तो लख्ख, आणि जसजसा पृष्ठभाग वळत जातो तसतसा काळपट. अगदी कडेला एक बारीक काळी किनार उरते. बाकी सगळं पांढरं! हर्ट्झमनच्या मते मेंदू रोजच्या जगातले आकार ओळखण्यासाठी जी यंत्रणा वापरतो, तीच रेषाचित्राकडे बघून ‘बरं, असा उजेड पडलाय तर’ म्हणते. वेगळी कसली युक्ती लागत नाही. ह्यूबेल-वीझलचं आणि याचं भांडण पूर्णपणे मिटलेलं नाही. मला दोघांतही तथ्य दिसतं. पण सावलीच्या कोड्याला हर्ट्झमनचं उत्तर जास्त लागू पडतं, एवढं म्हणायला हरकत नाही. टॉर्च कपाळाशी असेल तर सावल्या वस्तूच्या मागे लपतात, दिसतच नाहीत.

दोन्ही बाजूंना अडचणीत आणणारी एक जागा आहे: व्यंगचित्र. आर. के. लक्ष्मण यांनी काढलेलं इंदिरा गांधींचं नाक कोणत्याही उजेडात तसं दिसलं नसतं. तरी तो चेहरा फोटोपेक्षा आधी ओळखू येई, असं तेव्हाचा वाचक शपथेवर सांगेल. १९८७ मध्ये गिलियन ऱ्होड्स, सुसान ब्रेनन आणि सुसान केरी यांनी संगणकाकडून ओळखीच्या माणसांची तीन प्रकारची रेषाचित्रं काढून घेतली. एक हुबेहूब, दुसऱ्यात त्या चेहऱ्याचं वेगळेपण ताणलेलं, तिसऱ्यात ते पुसून चारचौघांसारखं केलेलं. ताणलेल्या चित्रातला माणूस लोकांनी हुबेहूब चित्राच्या जवळजवळ निम्म्या वेळात ओळखला. मेंदूत चेहरे साठवले जातात ते बहुधा सरासरी चेहऱ्यापासूनच्या फरकांच्या रूपात. लक्ष्मण त्या फरकांवरच बोट ठेवत असत, तेही रोज सकाळी, छापखान्याच्या वेळेत.

इथवर सगळी चर्चा डोळ्यांची होती. आता ती उलटीपालटी होते.

टोरांटो विद्यापीठात जॉन केनेडी (साँगे लोकांकडे गेलेले तेच) यांनी अनेक वर्षं अंध माणसांसोबत काम केलं. मऊ पाटीवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर बॉलपेन दाबून चालवलं की रेघ फुगून वर येते आणि बोटांना लागते. जन्मांध माणसांनी, ज्यांनी आयुष्यात कधी चित्र काढलं नव्हतं अशांनीही, वस्तूंच्या कडांसाठी रेषाच ओढल्या. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एका अंध स्त्रीने फिरतं चाक काढताना आरे वाकडे काढले, चाक फिरतंय हे दाखवण्यासाठी. केनेडींनी मग वेगवेगळ्या आऱ्यांची चाकं तयार करून अंध आणि डोळस अशा दोन्ही गटांना अर्थ विचारले. वक्र आरे म्हणजे एका लयीत फिरणारं चाक, नागमोडी आरे म्हणजे डुगडुगणारं, आरे परिघाबाहेर आलेले म्हणजे ब्रेक लागलेलं. दोन्ही गटांची उत्तरं बरीचशी जुळली.

आणि मग तुर्कस्तानचा एश्रेफ अर्माआन. १९५३ साली इस्तंबूलमध्ये जन्मलेला, जन्मापासून अंध, शाळेचं शिक्षण नाही, तरी तैलचित्रं रंगवणारा. त्याच्या चित्रातली घरं दूर जाताना लहान होतात. केनेडींनी त्याला घनाकृती वस्तू वेगवेगळ्या बाजूंनी कशा दिसतील ते काढायला सांगितलं, तेही त्याने काढून दाखवलं. बोस्टनमध्ये त्याला स्कॅनरमध्ये झोपवून, हाताने चाचपलेल्या वस्तू काढायला लावल्या, तेव्हा मेंदूच्या मागच्या बाजूचा दृष्टीचा भाग लखलखत होता. ज्या भागात डोळ्यांकडून कधी काही पोचलंच नव्हतं, तो.

तेव्हा रेषा नुसती उजेडातून येत नाही. बोट तांब्यावरून फिरतं आणि अचानक हवेत जातं, ती जागा हातालाही कळते. डोळा आणि हात दोघेही ‘वस्तू इथे संपली’ याचाच शोध घेत असतात आणि रेषा त्या दोघांच्या सामाईक मालकीची असावी, असं या प्रयोगांवरून मला वाटतं. कोकणातला सडा, म्हणजे तिथलं कातळाचं पठार, बघितला की हे पटतं. राजापूरजवळच्या कशेळीला जांभ्याच्या सपाट कातळात खोदलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. त्याच्याजवळ उभं राहून तो पूर्ण दिसत नाही, आजचे फोटो ड्रोनने काढावे लागतात. ज्याने खोदला त्याने त्याची बाह्यरेषा अंगाने चालत चालत धरली असणार. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली.

खडूने काढलेली, आजवर सापडलेली सर्वांत जुनी रेषा मात्र दक्षिण आफ्रिकेची. ब्लोम्बोस गुहेत सापडलेल्या दगडाच्या, जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीच्या कपचीवर गेरूच्या ९ रेघा आहेत, ६ जवळपास समांतर आणि ३ त्यांना छेदणाऱ्या. वय सुमारे ७३,००० वर्षं. २०१८ मध्ये हे जाहीर करण्याआधी संशोधकांनी स्वतः गेरूचे तुकडे घासून आणि गेरूचा रंग कालवून अशाच रेघा मारून पाहिल्या. मूळ रेघा टोकदार गेरूच्या खडूने काढलेल्या निघाल्या. कपचीच्या कडेला त्या एकदम तुटतात, म्हणजे चित्र मोठ्या दगडावर होतं आणि आपल्या हाती त्याचा तुकडा आला. त्या कशाच्या कडा आहेत की कशाच्याच नाहीत, ते कपची सांगत नाही.

रेघा मारणं हे तसं फक्त माणसाचं काम नाही. चिंपांझीच्या हातात पेन दिलं तर तोही आवडीने मारतो. जपानमध्ये आया साइतो आणि तेत्सुरो मात्सुझावा यांच्या गटाने २०१४ मध्ये चिंपांझींना आणि लहान मुलांना चेहऱ्याची अपुरी रेषाचित्रं दिली. कुठे एक डोळा काढलेला नाही, कुठे दोन्ही. चिंपांझींनी जे कागदावर होतं त्याच्यावरच रेघा मारल्या, असलेल्या डोळ्यावर, असलेल्या तोंडावर. अडीच वर्षांच्या पुढची मुलं रिकाम्या जागी गेली आणि नसलेला डोळा काढून मोकळी झाली. हाताच्या सफाईचा हा प्रश्न नव्हता. चेहऱ्याच्या बाह्यरेषेवरून नीट पेन फिरवण्याइतका ताबा चिंपांझींमध्येही दिसला होता.